घोडचूक, नग एक

सोमवार, ३ मार्च

घोडा जप्त झाला! बाबांचा! आणि कागद झाला माझ्या नावाने.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही. घोडा म्हणजे बाबांचा रंगकामाचा घोडा — चार लाकडी पाय, वर फळी, त्यावर उभं राहून छत रंगवायचं. एक पाय लुळा आहे, तो सुतळीने बांधलाय. बाबांना पुलापलीकडच्या दातांच्या डॉक्टरांच्या खोलीचं छत मिळालं होतं. शाळेला सुट्टी, म्हणून मी आणि खांब मदतीला. खांब म्हणजे माझा मित्र. उंच आहे, एवढंच त्याचं कर्तृत्व. बाबा रंगाचे डबे घेऊन पुढे गेले. मी मागून निघालो आणि चालता चालता खांबाला मोबाईलवर लिहिलं —

"डॉक्टरांचं काम आजच उरकू. घोडा घेऊन ये. आधी सगळं झाकू. मागे डाग राहता कामा नये."

यात काय चुकलं? शुद्धलेखनसुद्धा बरोबर!

पुलावर नेहमीप्रमाणे पोलीस. नेहमीप्रमाणे आमच्याच वस्तीतली पोरं बाजूला घेतलेली. "आडनाव?" सांगितलं. "पत्ता?" सांगितला. "मोबाईल दाखव." दाखवला. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चेहरा असा खुलला की बढतीच मिळाली जणू. पोलिसांच्या भाषेत घोडा म्हणजे पिस्तूल. हे ज्ञान मला आज झालं.

मला कठड्याला हात टेकून उभं केलं. मी म्हणतोय, "साहेब, लाकडाचा घोडा आहे हो!" तर म्हणे, "आणि डॉक्टर कसले? तेही लाकडाचेच का?" इतक्यात समोरून खांब! डोक्यावर घोडा, ओठांवर शीळ. चौघे एकदम ओरडले — "हात वर!" खांब लहानपणापासून आज्ञाधारक. त्याने दोन्ही हात वर केले. घोडा सुटला तो थेट साहेबांच्या पायाच्या अंगठ्यावर.

पिस्तूल नाही हे सगळ्यांना दिसलं. पण अंगठा सुजला हेही सगळ्यांना दिसलं. मग कागद झालाच.

मंगळवार, ४ मार्च

दातांचे डॉक्टर स्वतः चौकीत जाऊन सांगून आले — मला कोणी मारणार नव्हतं, माझं छत पांढरं करणार होते. हवालदार म्हणाले, "पटतंय हो डॉक्टर. पण कागद वर गेलाय." वर गेलेला कागद खाली येईपर्यंत चौकशी चालू. तोवर मी आणि खांब — आठ शनिवार चौकीत हजेरी, सकाळी दहा ते अकरा. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सापशिडीच, फक्त शिड्या काढून घेतलेल्या.

बाबांनी उरलेलं छत डॉक्टरांच्या खुर्चीवर उभं राहून रंगवलं. बटण दाबलं की ती वरखाली होते म्हणे. "घोड्यापेक्षा बरी," म्हणाले. पण हसले नाहीत.

बुधवार, ५ मार्च

आईने पुलाचे नियम पुन्हा म्हणून घेतले. माझ्याकडून आणि शेपटाकडून. शेपूट म्हणजे धाकटा भाऊ. तेरावं लागलंय त्याला. मी जाईन तिथे हा मागे, म्हणून शेपूट.

पुलावर पळायचं नाही. खिशात हात घालायचे नाहीत. तिघांनी मिळून चालायचं नाही — दोघं म्हणजे मित्र, तिघं म्हणजे टोळी. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, विचारलं तर अडखळायचं नाही. शेपूट हे सगळं पाढ्याच्या चालीवर म्हणतो. शाळेला कितीही उशीर झाला तरी पुलावर तो वरातीतल्या नवरदेवासारखा चालतो. बाजूने पलीकडची पोरं धूम ठोकतात. त्यांना कोणी विचारत नाही, बाबांनो, आग लागलीय का कुठे?

आई म्हणाली, "तोंडाने बोललास तर विरून जातं. लिहायचं कशाला रे मेल्या?"

म्हणजे ही वही आईपासून लपवायला हवी. पिठाच्या डब्यामागे नको. ती जागा शेपटाला माहीत आहे.

शनिवार, ८ मार्च

पहिला शनिवार. चौकी म्हणजे दीड खोली. पुढच्या खोलीत टेबल, रजिस्टर, घड्याळ आणि हवालदार. मागच्या अर्ध्या खोलीत जप्त माल. दाराच्या फटीतून आमचा घोडा दिसला. त्याच्या पायाला चिठ्ठी बांधलीय. बिचारा.

हवालदारांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं ते दुसरंच कोणाचं तरी. आमची माणसं या शहरात मूठभर — देव वेगळा, नावं वेगळी — आणि ती नावं यांच्या लेखणीला पेलवत नाहीत. मी म्हटलं, "काका, मात्रा चुकली." म्हणाले, "मात्रेने काय होतंय? माणूस तोच ना?" मग म्हणाले, "कर सही."

इथे घोडं अडलं. मला सहीच नाही! मी सोळा वर्षांचा, आजवर कोणी सही मागितलीच नव्हती. मी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वर रेघ ओढून, सुवाच्य. हवालदारांनी मान तिरकी करून पाहिलं. "ही सही आहे की शुद्धलेखन? दहापैकी किती देऊ?"

खांबाने तर फुल काढलं. तीच त्याची सही म्हणे.

रविवार, ९ मार्च

दिवसभर सह्यांचा सराव. शेवटी एक जमली — पहिलं अक्षर मोठं, मग सुसाट वळण, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. एकदम मोठ्या साहेबाची वाटते. शेपूट शेजारी बसून माझी नक्कल करत होता. त्याने जुन्या वर्तमानपत्राचं पान भरून टाकलं. "दादा, टिंबं दोनच का?" मी म्हटलं, तीन झाली की टोळी होते.

शनिवार, १५ मार्च

आज नवी सही केली. हवालदार म्हणाले, "हां! आता माणसात आलास."

रांगेत आमच्या वस्तीतली नऊ पोरं. प्रत्येकाला विचारलं, तुझं काय? एक पळत होता म्हणून. एक उभा होता म्हणून. एकाने नवी सायकल घेतली म्हणून — बिल दाखवलं तर म्हणे बिल फारच नवं दिसतंय. सगळ्यात भारी तो भाजीवालीचा मुलगा. त्याच्या नावापुढे लिहिलंय, "संशयास्पदरीत्या हसताना आढळला." शपथ! मी स्वतः उलटं वाचलं. आम्ही सगळे पोट धरून हसणार होतो, पण वेळीच सावरलं. चौकीतच होतो ना.

पलीकडचा एकही मुलगा रांगेत नाही. ते हसत नसावेत.

रविवार, १६ मार्च

काल हसून लिहिलं खरं. पण एक लिहायचं राहिलंय आणि ते डोक्यातून जात नाही. त्या दिवशी कठड्याला हात टेकून उभा होतो तेव्हा शाळेतल्या गणिताच्या बाई बसमधून गेल्या. त्यांनी मला पाहिलं. मी मान खाली घातली. का घातली? काही केलेलं नव्हतं! मला फार लाज वाटली आणि लाज वाटली याचा राग आला.

बाई वर्गात काही बोलल्या नाहीत. पण परवा वर्गात कोणाची तरी कंपासपेटी हरवली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग घाईघाईने खिडकीकडे.

बुधवार, १९ मार्च

आनंदी आनंद! बस आगाराने शिकाऊ कारागीर घ्यायची जाहिरात लावलीय. इंजिनाचं काम! दोन वर्षं शिकवणार, मग नोकरी. निळा डगला मिळतो आणि खिशावर लाल दोऱ्याने तुमचं नाव. तुमचं स्वतःचं. मात्रेसकट.

लेखी परीक्षा १२ एप्रिलला. अर्ज भरला. सगळं बसतंय — वय, गुण, उंची. शेवटच्या रकान्यात मात्र, "स्थानिक चौकीचा चारित्र्य दाखला, ३० एप्रिलपर्यंत." चौकशी चालू असेल तर दाखला मिळत नाही. आमच्या वस्तीतला एकही मुलगा आजवर आगारात लागलेला नाही. दरवेळी इथेच गाडी रुतते.

आठ हजेऱ्या भरल्या की चौकशी मिटते म्हणे. बोटं मोजली. आठवा शनिवार २६ एप्रिल. मग चार दिवस हातात. जमतंय! फक्त एकही शनिवार चुकता कामा नये. ना ताप, ना पाऊस, ना मरण.

शनिवार, २२ मार्च

आज हवालदारकाकांना घाम फुटला होता. मुख्य कचेरीतून पत्र आलंय. आमच्या कागदात "घोडा, नग एक, जप्त" एवढंच लिहिलं होतं. लाकडी हा शब्द राहिला! पत्रात विचारलंय — जप्त केलेला घोडा कोठे बांधला आहे, त्याच्या चाऱ्याची व्यवस्था काय, तातडीने कळवावे.

"साहेबांना सांगा ना, चूक झाली म्हणून," मी म्हटलं. काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच लहान आणि मीच खुळा. "वर पाठवलेल्या कागदात चूक नसते. असलीच तर ती खालच्याची असते. आणि खाली मी आहे."

मग मला समोर बसवून उत्तर लिहायला लावलं. माझं अक्षर चांगलं ना! मी लिहिलं — "सदर घोडा चौकीच्या मागील खोलीत सुरक्षित आहे. तो चारा खात नाही, पाणी पीत नाही, घाण करत नाही. स्वभाव शांत." शेवटचं वाक्य त्यांनी खोडायला लावलं. "शांत? मग साहेबांच्या अंगठ्याचं काय?"

मी आरोपी, आणि पोलिसांचं उत्तर मीच लिहितोय. बाबांना सांगितलं तर इतके हसले की ब्रश खाली पडला. किती दिवसांनी!

शनिवार, २९ मार्च

कहर झाला! घोडा चारा खात नाही हे वाचून मुख्य कचेरी घाबरली. त्यांनी जनावरांचे डॉक्टर पाठवले!

डॉक्टर म्हातारे, पिशवीत मोठी नळी, पायात गुडघ्याएवढे बूट. "कुठाय रोगी?" काकांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. डॉक्टर बराच वेळ घोड्याकडे बघत राहिले. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मला वाटलं आता चिडणार. तर त्यांनी गंभीरपणे कागद काढला आणि मोठ्याने म्हणत लिहायला लागले — "पाय चार. मागील डावा लुळा, सुतळीने बांधलेला. शेपूट नाही. दात नसल्याने वय सांगता येत नाही." जाताना मला म्हणाले, "चाळीस वर्षांत इतका शहाणा घोडा पाहिला नाही. लाथ मारत नाही ना?" मी म्हटलं, "एकदाच मारली."

पण आज वाईटही झालं. खांबाला ताप. त्याची आई धावत आली, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. वाचता वाचताच म्हणाले, "सही करायला काय ताकद लागते?" झालं. खांब पुन्हा पहिल्या घरात. तीन शनिवार पाण्यात.

त्याच्या आईने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा घातली, नखाएवढी झाली तरी घालत होती.

शनिवार, ५ एप्रिल

माझे पाच झाले. आणि नवीन भानगड. चौकीची तपासणी आहे, फार मोठे साहेब येणार. भिंतींचे पापुद्रे निघालेत. आमच्या साहेबांनी रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही पोरं नुसत्या सह्या करून जातात. काहीतरी समाजोपयोगी करू देत की!" म्हणजे चौकी आम्ही रंगवायची. फुकट. शुक्रवारी संध्याकाळी सुरू, शनिवारी पहाटेपासून पुढे.

बाबांनी ब्रश दिले. पण छताचं काय? छताला घोडा हवा. घोडा तर मुद्देमाल! काकांनी नियमांचं पुस्तक पालथं घातलं. शेवटी एक अर्ज तयार झाला — "तपासकामी घोडा तात्पुरता बाहेर काढण्यात येत आहे." ज्या हत्याराने गुन्हा केला, तेच हत्यार घेऊन चौकीत शिरायचं. तेही सरकारी परवानगीने!

हसू आवरलं, कारण दुसरीच गोष्ट आठवली. १२ तारीख शनिवार आहे. परीक्षा साडेनऊ ते साडेअकरा. हजेरी दहा ते अकरा.

घोडामैदान जवळ आलं आणि मैदानं दोन निघाली.

सोमवार, ७ एप्रिल

आई स्वतः साहेबांकडे गेली होती. तासभर बाकावर बसवलं. मग म्हणाले, "परीक्षा दरवर्षी असते." आई घरी आली, तांदूळ निवडत बसली. त्यात खडा एकही नव्हता. तरी निवडत होती.

मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी देईन. तर सूपच आपटलं. "पुढच्या वर्षी यांची दुसरी काहीतरी भानगड असेल! तू परीक्षेला जायचं. सही मी करीन!"

शेपूट म्हणाला, "तुला कुठे येते दादाची सही? मला येते." आणि खरंच करून दाखवली. हुबेहूब. आईने त्याला धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं.

शनिवार, १२ एप्रिल

लिहितोच आता! हात अजून पांढरे आहेत.

पहाटेपासून रंगकाम. टेबल, रजिस्टर, खुर्च्या सगळं अंगणात. सात वाजता मी काकांपुढे उभा राहिलो. म्हटलं, "काका, साडेनऊला परीक्षा आहे. आत्ता सही घ्या ना." म्हणाले, "घोड्यावर बसून आलायस का? सात वाजलेत. दहाच्या आधी सही नाही. नियम." खरं सांगतो, रडू फुटणारच होतं.

काकांनी रजिस्टर पुढे ओढलं. मग म्हणाले, "सात वाजले कशावरून?"

"घड्याळ..."

"कुठाय घड्याळ?"

घड्याळ रंगासाठी भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवलं होतं.

"चौकीची वेळ चौकीच्या घड्याळावर. घड्याळ भिंतीवर नाही, म्हणजे आज चौकीत वेळच नाही. मग मी म्हणेन ती." आणि त्यांनी रजिस्टरात लिहिलं — दहा वाजून पाच मिनिटे. "कर सही. आणि पळ!"

मी पळालो! पुलावर पळालो! नियम मोडला! हाताला रंग, कपड्यांना रंग. पुलावरच्या शिपायाने हाक मारली, "ए, कुठे?" मी ओरडलो, "चौकीचं काम आहे!" आणि त्याने सोडलं. काय जादू आहे त्या शब्दात!

पेपर सोपा गेला. शेवटचा प्रश्न होता — इंजिन किती घोड्यांच्या शक्तीचं आहे ते काढा. मी तिथेच फिदीफिदी हसलो. परीक्षकांनी वर पाहिलं. मी लगेच तोंड बंद केलं. सवय.

रविवार, १३ एप्रिल

एक विचार मनात येतो. काकांनी काल सरकारी रजिस्टरात खोटी वेळ लिहिली. माझ्यासाठी लिहिली, देव त्यांचं भलं करो. पण त्यांनी लिहिली तर ती वेळ खरी झाली. मी लाकडी घोड्याला घोडा म्हटलं — जे खरंच होतं — तर तो गुन्हा झाला.

जाऊ दे. डोकं दुखतं.

शनिवार, १९ एप्रिल

सातवा! आणि आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहायला हवा, पण पेन निळंच आहे.

चौकी दुधासारखी पांढरी झालीय. साहेब खूश. मोठ्या साहेबांची तसबीर लावायची होती. खांब म्हणाला, "मी लावतो, मला घोडाही लागत नाही." पण साहेब म्हणाले, "तसबिरीला तुम्ही हात लावायचा नाही," आणि स्वतःच चढले घोड्यावर. मी म्हटलं, "साहेब, मागचा डावा पाय..." म्हणाले, "विचारल्याशिवाय बोलू नको." मी गप्प. नियमच आहे तो.

सुतळी सुटली. साहेब आधी डुलले, मग हवेत काहीतरी पकडायला गेले, मग धप्पकन खाली, उरलेल्या रंगाच्या बादलीत बैठक मारून! तसबीर मात्र हातात उंच धरलेली. तिला ओरखडासुद्धा नाही.

आम्ही नऊ पोरं भिंतीला लागून उभी. कोणी हसलं नाही! एकही नाही! भाजीवालीच्या मुलाने स्वतःच्या हाताला चावा घेतला. खांबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेबांना वाटलं त्याला त्यांची दया आली. म्हणाले, "रडू नको, लागलं नाही." तेव्हा तर आमच्या बरगड्या मोडायच्या बाकी राहिल्या. पुलाच्या अलीकडे येईपर्यंत श्वास धरून चाललो. दोघं दोघं, अंतर ठेवून. मग वस्तीच्या नळापाशी जे हसलो ते हसलो, बायका घागरी ठेवून बघायला लागल्या.

गुरुवार, २४ एप्रिल

पास! चौथा नंबर! एकशे सत्तरातून चौथा! गणिताच्या बाईंनी पूर्ण वर्गासमोर टाळ्या वाजवायला लावल्या. मी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्यांनीही.

शनिवार, २६ एप्रिल

आठवा. आठवा. आठवा.

कागद वरून खाली आला! जनावरांच्या डॉक्टरांच्या अहवालावर मुख्य कचेरीचा शेरा — "घोडा अस्तित्वात नसल्याने चौकशी बंद." काकांनी वाचून दाखवलं आणि आम्ही दोघांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. अस्तित्वात नसलेला घोडा तिथे उभा होता. खांबाचंही सुटलं, एका फटक्यात. त्याने शेवटच्या सहीत फुलाला दोन पानं जास्त काढली.

मग दाखला. काका लिहायला बसले. मी म्हटलं, "काका, आज नाव मी सांगतो तसं लिहा. एकेक अक्षर." त्यांनी चष्मा लावला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. एक मात्रा चुकली, तर त्यांनी अख्खा कागद फाडून नवा घेतला. "चारित्र्य — समाधानकारक." खाली शिक्का. शेवटी म्हणाले, "आगारात काम नीट कर. आणि काही झालं तरी कोणाला काही लिहून पाठवू नको."

आईने दाखला तीनदा वाचला. "न्हालं एकदाचं घोडं!" म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

घोडा मंगळवारी मिळणार. न्यायला कोणीतरी यावं, पावती देतील. मंगळवारी माझा आगारात पहिला दिवस, बाबा कामावर. शेपूट म्हणाला, "मी आणतो!" शाळा सुटली की जाईल. आठ वेळा बजावलं त्याला. पळायचं नाही, एकट्याने यायचं, पावती जपून ठेवायची.

"दादा, पाढे मला पाठ आहेत," म्हणाला.

मंगळवार, २९ एप्रिल

डगला मिळाला! थोडा मोठा आहे, बाह्या दुमडाव्या लागतात. पण नाव! लाल दोऱ्याने, मात्रेसकट, बरोबर! दिवसभर मी मान खाली घालून स्वतःचाच खिसा वाचत होतो. मिस्त्री म्हणाले, "पोरा, इंजिन इकडे आहे."

बाबा म्हणतात घोड्याला नवा पाय बसवू, सागाचा. आईने गोड केलंय. शेपटाची वाट बघतोय सगळे. पाच वाजून गेले, अजून आला नाही. रमतगमत येत असेल. पळायचं नाही ना पुलावर.

शनिवार, ३ मे

पुलावरचे पोलीस नवे होते. "काय आहे रे हे?" म्हणाले. शेपूट अडखळला नाही — "घोडा!" मग पावती दाखवायला त्याने खिशात हात घातला.

आठ शनिवार.

आज मी बरोबर गेलो, डगला घालून. काकांनी रजिस्टर पुढे सरकवलं. वर पाहिलं नाही. शेपटाने पहिल्याच फटक्यात सही केली. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. सराव होता त्याला.